डाव्या पायाची नाडी

डोंगरांच्या बेचक्यात एक खोरं होतं, खोऱ्यात एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे, चढावर, राहायची ऑर्फा नावाची म्हातारी आणि तिची नात केंड्रा. पलीकडे राहायचे एस्टिल आणि त्याची बायको नेवा. केंड्रा खोऱ्याची डॉक्टर. एस्टिल खाणीतला जुना माणूस, एका पायाचा. आणि ऑर्फा म्हणजे मी. जरा जवळ सरकून बसा. शेगडीत अजून धग आहे, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही.

आधी एस्टिलचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तरण्या वयात खाणीचं छत त्याच्यावर बसलं. सोबत्यांनी त्याला ओढून काढला, पण डावा पाय घोट्यापासून आतच राहिला. आमच्या केंटकीच्या डोंगरात रीत आहे. कुणाचा हात गेला, पाय गेला, तर तो लहानशा पेटीत ठेवून, बोटं सरळ करून पुरायचा. बोटं वाकडी राहिली की जो अवयव नाही त्यातच माणसाला जन्मभर पेटके येतात. एस्टिलचा पाय काही पुरायला मिळाला नाही. त्याच्यावर अख्खा डोंगर बसला होता.

"नेवे, अंगठा खाजतोय गं डावा," तो ओसरीवर बसून म्हणायचा.

"मग जा डोंगरात आणि ये खाजवून," नेवा म्हणायची. "येताना कोळसा आण."

असे ते दोघं. त्यानं प्लास्टिकचा पाय लावला होता, त्यालाही एक जुनाट बूट कायमचा ठोकून टाकलेला. बूट मात्र दुकानात जोडीनंच मिळतात. उजवा झिजायचा, डावा तसाच कपाटात जायचा. नेवाच्या कपाटात खालच्या फळीवर डाव्या बुटांची रांग होती, एकाचाही तळवा जमिनीला न लागलेला. ती रांग पाहिली की मला हसू यायचं. आता येत नाही.

एस्टिलच्या छातीत धूळ बसली होती, खाणीतल्या सगळ्यांच्याच बसते. त्यासाठी तो केंड्राच्या दवाखान्यात यायचा. केंड्रा त्याची छाती मन लावून ऐकायची, हे मी तिची आजी म्हणून सांगत नाही, सगळं खोरं सांगेल. पण दवाखान्यात डॉक्टर एकच आणि दाराबाहेर रांग. प्रत्येक माणूस तपासला की काय तपासलं ते संगणकात लिहायचं. लिहिलं नाही तर विम्याचे लोक दवाखान्याला छदाम देत नाहीत. म्हणून सगळे डॉक्टर एक सोय करून ठेवतात. एक कळ दाबली की पूर्ण तपासणी आपसूक उमटते. डोळे ठीक, पोट मऊ, दोन्ही पाय गरम, दोन्ही पायांत नाडी चांगली. पुढच्या खेपेला मागचंच पान पुढं ओढायचं, छातीपुरतं बदलायचं, की झालं.

एस्टिलच्या पानावरही तेच उमटत राहिलं. दोन्ही पाय गरम. दोन्ही पायांत नाडी चांगली. वर्षानुवर्षं. त्याला पाय एकच आहे हे केंड्राला काय ठाऊक नव्हतं? लहानपणी त्याच्या त्या प्लास्टिकच्या पायावर बसून ती घोडा-घोडा खेळलेली. पण हात कळ दाबत होता आणि डोळे रांगेकडे होते.

पानगळीत एस्टिल गेला. आम्ही त्याला टेकाडावरच्या दफनभूमीत ठेवला. आणि बर्फ पडायला लागलं तसं केंड्राला विमा कंपनीचं बोलावणं आलं. तिची पानं त्यांनी चाळली होती. कुठलाही रोगी उघडा, तपासणी शब्दाला शब्द तीच. आमच्याकडे विम्याच्या कागदावर प्रत्येक दुखण्याला एक ठरलेला आकडा असतो, आणि वरच्या आकड्याला खालचं लिखाण जुळावं लागतं. हिचं जुळत नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी नीट लिहायला शिकावं म्हणून दूरच्या शहरातली एक बाई पडद्यावरून वर्ग घेणार. वर्गात पास झाली नाही तर दवाखान्याशी कंपनीचा करार संपला, म्हणजे दवाखानाच संपला.

केंड्रा पोटुशी होती. आधीची दोन टिकली नव्हती, हे तिसरं टिकलेलं, सातवा महिना सरत आलेला. नवरा लायल मालमोटार घेऊन आठवडेच्या आठवडे दूर देशी. म्हणून ती माझ्याकडे राहात होती. खोऱ्यात खाली इंटरनेट धड मिळत नाही, पडद्यावर माणसाचे नुसते तुकडे दिसतात. माझं घर चढावर, म्हणून वर्ग माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मंगळवारी, दुपार कलली की. हिवाळ्यात आमच्याकडे दुपारीच सूर्य डोंगराआड जातो आणि खिडक्या निळ्या पडतात.

पडद्यावरच्या बाईचं नाव मिसेस प्रुइट. चष्मा, मागं पांढरी भिंत, आवाज चर्चमध्ये वचन वाचणाऱ्यासारखा.

"डॉक्टर, आमच्या कामाचं पहिलं सूत्र. जे लिहिलं नाही, ते घडलं नाही. म्हणा बरं."

"जे लिहिलं नाही, ते घडलं नाही," केंड्रा शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली. माझ्याकडे बघून तिनं डोळा मिचकावला. मी शेगडीपाशी घेवड्याच्या बिया निवडत होते, मक्याचा पाव आत भाजत होता. घरात उबदार वास. सगळं कसं रोजच्यासारखं.

तेवढ्यात ओसरीच्या फळ्यांवर वाजलं.

थप्…

मी मान वर केली. वाटलं, छपरावरचं बर्फ पडलं.

थप्…

ओलं मांस फळीवर पडावं तसा आवाज. दोन आवाजांत एका पावलाची जागा रिकामी. दुसरा पाय वाजायला हवा तिथं काहीच नाही.

"डॉक्टर," पडद्यावरची बाई म्हणाली, "तुमच्या घरात कुणी चालतंय का? हा वर्ग तुमच्या एकटीसाठी आहे."

"आजी आहे माझी."

पण माझे दोन्ही पाय शेगडीच्या कडेला टेकलेले होते.

वर्ग संपल्यावर मी दार उघडलं. ओसरीवर पातळ बर्फ भुरभुरलेलं. त्यात अनवाणी पाऊल उमटलेलं, डावं. त्याच्या पुढं दुसरं, तेही डावंच. ओढ्याकडून चढ चढून, पायऱ्या चढून, माझ्या दारापर्यंत डावी पावलं. परत गेलेलं एकही नाही.

मी झाडू घेतला आणि केंड्रा यायच्या आत झाडून काढलं. पोटुशी पोर, तिला कशाला दाखवायचं? पण झाडताना एक गोष्ट दिसली. पावलांच्या तळाशी बर्फ वितळलं होतं. ज्याचं कुणाचं होतं ते, पाऊल गरम होतं.

दुसऱ्या दिवशी नेवा आली. डोक्याला रुमाल, हातात कागदी पिशवी. खुर्चीत टेकायच्या आधीच बोलली.

"ऑर्फे, माझं डोकं ठिकाणावर आहे ना गं?"

"कधी होतं?" मी म्हटलं. पण ती हसली नाही. नेवा माझ्या बोलण्याला हसली नाही असं पहिल्यांदाच झालं.

तिनं पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवला. डावा. कपाटातल्या रांगेतला. नाड्या अजून दुकानातल्यासारख्या ओवलेल्या, पण तळवा पार झिजलेला, टाच आतल्या बाजूनं खाल्लेली, खाचांत काळी चिकण धूळ.

"कपाटाला मी कुलूप घालते," नेवा म्हणाली. "तरी सकाळी एकेक असाच निघतोय. एस्टिल नाही गं तो. एस्टिल आला असता तर मी चहा टाकला असता. हा नुसता पाय आहे… ज्याला माणूसच नाही."

केंड्रा दवाखान्यातून येऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. बूट हातात घेऊन तळव्यावरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा चुना फासलेल्या भिंतीसारखा पांढरा झाला.

"नेवामावशी," ती हळूच म्हणाली, "मी त्याची नाडी लिहीत होते. त्या पायाची."

"कुठल्या पायाची?"

"जो नव्हता त्याची. दर खेपेला. गरम आहे, नाडी चांगली आहे, असं."

नेवानं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पोरी, तो पाय बिचारा डोंगराखाली गार पडून होता. तू त्याला इतकी वर्षं ऊब दिलीस, नाडी दिलीस. एस्टिल होता तोवर तो त्याच्या अंगठ्यात खाजत बसला. आता एस्टिल नाही. मग ती नाडी जायची कुठं?"

शेगडीवरचा घेवडा करपल्याचा वास आला, तेव्हा आम्ही हललो.

पुढचा मंगळवार. मिसेस प्रुइटनं पडद्यावर एक पान लावलं. नाव झाकलेलं होतं, पण कुणाचं ते आम्हाला कळलं.

"वरचा आकडा सांगतो, या माणसाला डावा पाय नाही," ती म्हणाली. "खाली तुम्ही लिहिता, दोन्ही पायांत नाडी चांगली. डॉक्टर, तुम्ही नेमका कुठला पाय हातात धरला होता?"

केंड्रानं पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली.

"चूक सगळ्यांची होते. पण उत्तर हवं."

थप्… ओसरीवर.

थप्… या खेपेला आत, दाराच्या अलीकडे. दार मी स्वतः अडसर घालून लावलं होतं. फरशीवर ओलसर डाग उमटला, मग त्याच्या पुढं दुसरा. खाणीच्या तोंडाशी येतो तसा वास आला, ओल्या दगडाचा, सडक्या लाकडाचा, बंद हवेचा. डाग टेबलाच्या कापडाखाली गेले आणि थांबले.

केंड्रानं श्वास आत ओढला.

"काय झालं?" बाईनं विचारलं.

"काही नाही… माझ्या पायावर…" तिनं ओठ चावला. "काही नाही." आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. "आजी," ती पडद्याकडे बघतच पुटपुटली, "बाळ हलत होतं. थांबलं."

मिसेस प्रुइटनं चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती एकदम म्हातारी दिसली.

"ऐका," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जुनी ओळ पुसता येत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, कुणालाच नाही. पण तिच्याखाली आजची तारीख घालून खरं काय ते जोडता येतं. स्वतःच्या नावानिशी. प्रत्येक पानाखाली. मात्र जोडलंत की खोटं लिहिल्याची कबुली दिली असं होतं. पुढं कंपनी दवाखान्याचं काय करेल, ते माझ्या हातात नाही."

"आणि नाही जोडलं तर?"

"मग ते जसं आहे तसं राहील, डॉक्टर. तुमच्याबरोबर."

पडदा काळा झाला. टेबलाखालचं जे होतं ते गेलं नाही, फक्त वाजेनासं झालं. संध्याकाळी उशिरा बाळ पुन्हा हललं, पण मलूल, झोपेत कूस बदलावी तसं.

तो आठवडा केंड्रानं कसा काढला, मी बघत होते. खोऱ्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची छाती तिच्या भरवशावर चालते. दवाखाना गेला तर धापा टाकत डोंगर कोण ओलांडणार? ती मला म्हणायची, "आजी, मी कबूल केलं तर ते मरतील." आणि तासाभरानं म्हणायची, "नाही केलं तर हे…" आणि पोटाला हात लावायची. मी तिचे केस विंचरून द्यायचे, बस्स.

मग एका दुपारी तिनं दवाखान्यातलं ते यंत्र घरी आणलं, पोटावर टेकवलं की बाळाची धडधड ऐकू येते ते. खाटेवर पडली, मला जवळ बसवलं. टेकवलं तशी बाळाची धडधड आली, भराभर, पाखरासारखी. मी देवाचं नाव घेतलं.

"थांब," केंड्रा म्हणाली. "मागं ऐक."

बाळाच्या धडधडीमागं आणखी एक ठोका होता. संथ, जड, म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा.

"तुझाच असेल तो," मी म्हटलं.

तिनं माझं बोट स्वतःच्या मनगटावर ठेवलं. मनगटाचा ठोका वेगळा पडत होता. तो तिसराच होता. खाली, डाव्या बाजूला.

"दोन्ही पायांत नाडी चांगली," ती छताकडे बघत म्हणाली. हसली की रडली, मला आजही सांगता येणार नाही. मग उठून बसली. "आजी, नेवामावशीला मंगळवारी बोलाव. बूट घेऊन ये म्हणावं."

मंगळवारी आम्ही तिघी टेबलाशी. नेवाच्या मांडीवर तो झिजलेला बूट. ओळखीचा वास आधीच घरात भरलेला, आणि टेबलाखाली काहीतरी होतं. कापड पाहून कळायचं, ते मधेच आत ओढलं जायचं.

"आज तुमच्याकडे माणसं जास्त आहेत," मिसेस प्रुइट म्हणाली.

"हो," केंड्रा म्हणाली. "ही या रोग्याची बायको. मी जे जोडणार आहे ते तिच्यासमोर जोडणार."

बाईनं फक्त मान हलवली. "सुरू करा. सगळ्यात जुन्या पानापासून. लिहाल ते मोठ्यानं वाचा."

केंड्रा लिहायला लागली. "डावा पाय घोट्यापासून नाही. मी तो तपासला नाही. नाडी बघितली नाही. लिहिलेलं खोटं आहे. डॉक्टर केंड्रा."

थप्… टेबलाखालून एक पाऊल बाहेर पडलं.

पुढचं पान. तीच ओळ, तेच नाव. थप्… फरशीच्या मध्यावर. नेवाच्या ओठांतून आवाज न करता प्रार्थना चाललेली. पुढचं पान. थप्… दारापाशी. पान संपलं की पाऊल मागं, पान संपलं की पाऊल मागं. केंड्राचा घसा बसला तरी थांबली नाही. ओसरी. पायऱ्या. मग बर्फात, आता नुसतं करकरत.

शेवटच्या पानाशी तिचा हात थबकला. ते एस्टिलच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यातलं होतं.

"त्या दिवशी तो म्हणाला होता," ती म्हणाली, "'डॉक्टरीणबाई, जरा डावीकडे बघ, फार खाजतंय.' मी म्हटलं, पुढच्या खेपेला, आबा, बाहेर रांग आहे."

"लिही, पोरी," नेवा म्हणाली. "त्याला आता झोपू दे."

तिनं लिहिलं. बाहेर ओढ्याच्या बाजूला काहीतरी जड पाण्यात पडल्यासारखं झालं, आणि मग नुसता ओढा.

पडद्यावरची बाई श्वास रोखून बसली होती. "डॉक्टर," तिनं हळूच विचारलं, "गेला का तो?"

आम्ही तिला कधीच काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकाडावर गेलो. एस्टिलच्या कबरीत, जिथं त्याचं पाऊल असायला हवं तिथं, लहान खड्डा करून पेटी ठेवली. पेटीत तो बूट. नेवानं त्याच्या नाड्या सोडल्या, आतली चामड्याची जीभ सरळ केली, आत हात घालून बोटांची जागा नीट केली, आणि म्हणाली, "घे, पसर बोटं. आता जर मला पुन्हा खाज सांगितलीस तर बघ."

त्यानंतर कपाटातला एकही बूट झिजला नाही. बाळ पोटात असं उड्या मारायला लागलं की केंड्राला झोप मिळेना. यंत्र लावून पुन्हा ऐकलं, धडधड एकच, पाखराची. आणि कंपनीचं काय झालं? मिसेस प्रुइटनं कळवलं की, एवढं खरं लिहिणारी डॉक्टर मी इतक्या वर्षांत बघितली नाही. करार राहिला. दवाखाना राहिला. वर मदतीला आणखी एक डॉक्टर मिळाली. रांग निम्मी झाली आणि केंड्रा आता रोग्याचे मोजे काढून पाय बघते. लायलला खोऱ्याजवळच गाडीचं काम मिळालं, तो रोज घरी जेवायला येतो. वसंतात डॉगवूडच्या झाडांना फुलं आली त्या आठवड्यात पोर झाली, गोरीगोमटी, दहा बोटं हातांची, दहा पायांची. नाव ठेवलं एस्टेला. नेवा तिची मानलेली आजी. जसं आमच्या घराला अखेर सुख आलं, तसं ते तुमच्याही घराला येवो.

आता शेगडी विझत आली, जाते मी. पोर उठली असेल. अजून रांगतही नाही ती, जिथं ठेवावी तिथंच असते. मोजे मीच विणते तिचे. उजवा धुऊन धुऊन विटतो, पण त्याचा तळवा नव्यासारखा राहातो.

डावा मात्र दर आठवड्याला नवा विणावा लागतो. तळवा झिजतो त्याचा… आणि विणीत काळी धूळ बसलेली असते.